प्रेस्टीज : नजरबंदीचा खेळ

आपल्याकडे ‘प्रेस्टीज’ म्हटलं की काहींना कुकर आठवतो आणि काहींना भांडण. कुकरचं ठीक आहे, ते एका कंपनीने आपल्या मालाला दिलेलं नाव. पण भांडणाचं काय? ग्रामपंचायतीच्या एका वॉर्डाची निवडणूक असो, मिरवणुकीत कुणाचं मंडळ पुढे राहणार हा वाद असो, लग्नात व्याह्यांना कुठे बसवलं यावरून झालेला रुसवा असो. कुणीतरी आवाज चढवून म्हणतंच, ‘आता हा आमच्या प्रेस्टीजचा प्रश्न आहे!’ इंग्रजीचं अक्षरही न शिकलेला माणूस हा शब्द अगदी बिनचूक वापरतो. आणि एकदा तो उच्चारला गेला की समजूत, तडजोड, हिशेब यांतलं काही उरत नाही.

मी कवी माणूस. शब्द भेटला की त्याची जातकुळी विचारायची मला वाईट खोड आहे. माणसाची विचारू नये, शब्दाची विचारायला हरकत नाही. म्हणून एकदा या प्रेस्टीजचं मूळ शोधायला बसलो, आणि जे हाती आलं ते पाहून थक्क झालो.

हा शब्द इंग्रजीत आला फ्रेंचमधून, आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. लॅटिनमध्ये ‘प्रेस्टिजिए’ म्हणजे जादूगाराच्या हातचलाख्या. कोशकार त्याचा संबंध ‘प्रेस्ट्रिंगेरे’ या क्रियापदाशी लावतात. त्यातल्या ‘स्ट्रिंगेरे’चा अर्थ आवळणं, बांधणं. हे क्रियापद डोळ्यांबद्दल वापरलं की त्याचा अर्थ होई डोळे दिपवणं, दृष्टी बांधून टाकणं. यासाठी आपल्याकडे तंतोतंत शब्द आहे : नजरबंदी.

आमच्या लहानपणी आठवडी बाजारात गारुडी यायचा. रिकामी टोपली सगळ्यांना दाखवायची, तिच्यावर फडकं टाकायचं, डमरू वाजवायचा आणि फडकं उचललं की खाली कबुतर. कधी मातीत आंब्याची कोय पुरून पाच मिनिटांत त्याचं रोप दाखवायचा. आम्ही पोरं तोंड उघडं टाकून बघत राहायचो. मोठी माणसं हसून म्हणत, ‘काही नाही रे, नजरबंदीचा खेळ आहे.’ तर प्रेस्टीज म्हणजे मुळात हा खेळ. सन्मान नाही, मोठेपणा नाही. डोळ्यांवर बांधलेली पट्टी.

इंग्रजांनाही हे ठाऊक होतं. १६५६ मध्ये टॉमस ब्लाउंट याने अवघड शब्दांचा एक इंग्रजी कोश छापला. त्यात या शब्दाचा अर्थ फसवणूक, भ्रम, लबाडीचे खेळ असाच दिला आहे. ‘प्रेस्टिजियस’ हे विशेषणही त्या काळात एखाद्याला लावलं तर तो भडकला असता, कारण त्याचा अर्थ होता मायावी, लबाड. आज आपण एखाद्या संस्थेला कौतुकाने ‘प्रेस्टिजियस’ म्हणतो. तो अर्थ विसाव्या शतकातला.

मग हा वाईट शब्द चांगला कधी झाला? त्याला कारण झाला नेपोलियन. १८१५ हे वॉटर्लूच्या लढाईचं साल. त्याच सुमारास इंग्रजीत हा शब्द नेपोलियनच्या संदर्भात नव्या अर्थाने वापरला जाऊ लागला. या माणसाच्या नुसत्या नावाने फौजा हलतात, राजे कापतात, त्याच्या आधीच्या विजयांचा झगमगाट पुढचा विजय सोपा करतो. या प्रभावाला काय म्हणायचं? डोळे दिपवणारा प्रभाव, म्हणून प्रेस्टीज. सुरुवातीला या वापरात थोडी कुत्सित छटा असणार, की हा नुसता खेळ आहे. हळूहळू छटा पुसली गेली आणि दिपवणं तेवढं उरलं. आपल्या रोजच्या बोलण्यातला ‘ग्लॅमर’ हा शब्दही याच वाटेने आला आहे. तो स्कॉटलंडचा; त्याचा अर्थ होता डोळ्यांवर टाकलेली मोहिनी, आणि सर वॉल्टर स्कॉटच्या लिखाणातून तो इंग्रजीत रुळला. एकाच काळात इंग्रजीने चेटकाचे दोन शब्द उचलले आणि त्यांना प्रतिष्ठित करून टाकलं.

‘प्रतिष्ठित’ हा शब्द मी सहज लिहून गेलो. पण खरी गंमत तिथेच आहे. आपण प्रेस्टीजचं मराठी ‘प्रतिष्ठा’ असं करतो. दोन्ही शब्द ऐकायला जवळचे, ‘प्र’पासून सुरू होणारे. भावंडंच वाटतात. प्रत्यक्षात ती एकमेकांची तोंडंही पाहणार नाहीत. प्रतिष्ठा आली ‘स्था’ या धातूपासून. स्था म्हणजे उभं राहणं, टिकणं. प्रतिष्ठा म्हणजे पाया, आधार, ठाम उभं राहण्याची जागा. मूर्तीची प्रतिष्ठापना करतात ती याच अर्थाने. म्हणजे प्रतिष्ठा ही आपल्या पायांखालची गोष्ट, आणि प्रेस्टीज ही समोरच्याच्या डोळ्यांतली.

आपल्या भाषेतले बाकीचे शब्दही पाहा. अब्रू हा फारसी शब्द. आब म्हणजे पाणी आणि रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचं पाणी, तेज. मोत्याचं पाणी गेलं की मोल गेलं, तसंच माणसाचं. लौकिक म्हणजे लोकांमध्ये वर्षानुवर्षं वागून मिळवलेलं नाव. आणि इभ्रत! या शब्दाने मला लहानपणी फार गोंधळात टाकलं होतं. आमच्या घरात उर्दू, शाळेत मराठी. कुणाची वाताहत झालेली पाहिली की दादी म्हणायची, ‘यातून इब्रत घ्या’, म्हणजे धडा घ्या. शाळेत मास्तर म्हणायचे, ‘इभ्रत सांभाळा.’ एकच वस्तू घरी घ्यायची आणि शाळेत सांभाळायची, असा प्रकार! अरबीतल्या धडा या अर्थाच्या शब्दाला मराठीत मान-मरातबाचा अर्थ आला. दुसऱ्याच्या पडण्यातून धडा घेऊन जो वागतो त्याचीच इभ्रत राहते, असा सांधा मी माझ्यापुरता जुळवून ठेवला आहे.

पाया, तेज, लौकिक, धडा. यांतल्या कशालाही समोरच्याचे डोळे बांधावे लागत नाहीत. प्रेस्टीजच्या जवळ जाणारे मराठी शब्द शोधायचे तर ते दरारा, दबदबा, भपका आणि बडेजाव. पण आपण त्याला नेऊन बसवलं प्रतिष्ठेच्या पाटावर. हे कसं झालं हे समजायला थोडा इतिहास पाहावा लागेल, कारण या नजरबंदीचा एक फार मोठा प्रयोग आपल्याच देशात झाला.

१९०१ च्या जनगणनेत हिंदुस्थानची लोकसंख्या सुमारे २९ कोटी ४० लाख होती. त्यात युरोपीय माणसं दोन लाखांच्याही आत. एवढ्यांनी एवढ्यांवर राज्य करायचं, तर बंदुका पुरणार नाहीत. देशी शिपाई, देशी कारकून, संस्थानिक हे सगळे हाताशी लागतातच. पण त्यांनाही धरून ठेवायला एक समज लागते, की या लोकांना हरवणं शक्यच नाही. उर्दूत याला ‘इकबाल’ म्हणतात. सरकारचा इकबाल बुलंद असला की कारभार चालतो. इंग्रज अधिकारी त्यालाच प्रेस्टीज म्हणत, आणि तो शाबूत ठेवणं हा राज्यकारभाराचाच एक भाग मानत.

पहिला मोठा तडा गेला तो काबूलला. १८३९ मध्ये कंपनी सरकारने फौज नेऊन दोस्त महंमदला गादीवरून काढलं आणि शाह शुजाला बसवलं. जानेवारी १८४२ मध्ये ती फौज काबूलहून माघारी निघाली. साडेचार हजार सैनिक आणि बाजारबुणगे धरून सोळा हजारांच्या आसपास माणसं. बर्फात आणि खिंडींत त्यांची दाणादाण उडाली. १३ जानेवारीला डॉक्टर विल्यम ब्रायडन एकटाच, जखमी अवस्थेत, जलालाबादच्या किल्ल्याशी पोहोचला. त्याच वर्षी शरद ऋतूत इंग्रज पुन्हा काबूलला गेले. राज्य घ्यायला नव्हे, तर गेलेला दरारा परत आणायला. शहराची मोठी बाजारपेठ त्यांनी उद्ध्वस्त केली आणि परत फिरले. पुढच्या वर्षी दोस्त महंमद पुन्हा आपल्या गादीवर येऊन बसला. म्हणजे एवढ्या रक्तपाताचा हिशेब शेवटी शून्य. उरली फक्त बाजारपेठेची राख.

पण हरलेली लढाई जिंकल्यासारखी दाखवायची, तर फडक्याखालून काहीतरी काढावं लागतं. गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरो याने गझनीच्या महमूदाच्या कबरीचे दरवाजे उचलून आणवले आणि हिंदुस्थानातल्या राजांना व प्रजेला उद्देशून जाहीरनामा काढला, की हे सोमनाथाच्या देवळाचे दरवाजे आहेत आणि आठशे वर्षांच्या अपमानाचा सूड आम्ही घेतला आहे. त्या दरवाजांची मिरवणूक निघाली. मग जाणकारांनी ते तपासले. सोमनाथाचे दरवाजे चंदनाचे असल्याची आख्यायिका. हे निघाले देवदाराचे, आणि नक्षीही गुजरातची नव्हती. लंडनच्या पार्लमेंटमध्ये १८४३ मध्ये मेकॉलेने यावरून एलेनबरोला सोलून काढलं. दरवाजे आग्र्याच्या किल्ल्यात ठेवून दिले गेले, ते आजही तिथेच आहेत. दरवाजे खोटे निघाले. पण आठशे वर्षांच्या अपमानाची जी भाषा त्या जाहीरनाम्याने सरकारी शिक्क्यानिशी वापरली, ती काही त्या दरवाजांबरोबर आग्र्यात अडकून पडली नाही. नजरबंदीचा खेळ संपल्यावरही कधी कधी कबुतर उडतच राहतं.

१ जानेवारी १८७७ रोजी लॉर्ड लिटनने दिल्लीला दरबार भरवला. राणी व्हिक्टोरियाला ‘कैसर-इ-हिंद’ जाहीर करायचं होतं. हत्ती, तंबू, झेंडे, संस्थानिकांचे जडजवाहीर. त्याच वेळी दख्खनमध्ये आणि मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला होता. सोलापूर, नगर, पुणे, सातारा, विजापूर या भागांत माणसं खडी फोडायला जात होती. १८७६ ते १८७८ या काळातल्या त्या दुष्काळात देशभर ५० लाखांहून अधिक माणसं गेल्याचे अंदाज आहेत. एकीकडे हे, आणि दुसरीकडे तो झगमगाट.

त्या दरबारात पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे एक गृहस्थ हजर होते. गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका. रेशीम आणि जरीच्या त्या गर्दीत ते हातसुताच्या पांढऱ्या कपड्यांत गेले होते. स्वदेशीचं व्रत त्यांनी आधीच घेतलं होतं. महात्मा गांधी तेव्हा सात वर्षांचे होते.

अकरा वर्षांनी पुण्यातच दुसरा प्रसंग घडला. २ मार्च १८८८ रोजी राणीचा मुलगा, ड्यूक ऑफ कनॉट, याच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकरांनी मेजवानी दिली. त्या समारंभाला जोतीराव फुले गेले ते गरीब शेतकऱ्याच्या वेषात. उठून त्यांनी राजपुत्राला सांगितलं, की हे दागिन्यांनी मढलेले लोक म्हणजे तुमच्या आईची खरी प्रजा नव्हे. ती पाहायची असेल तर खेड्यांत जा, आणि गरिबांना शिक्षण द्या एवढा निरोप राणीला पोहोचवा. एका पागोट्याने आणि घोंगडीने त्या संध्याकाळच्या झगमगाटाचं पितळ उघडं पडलं. मला नेहमी वाटतं, प्रेस्टीज आणि प्रतिष्ठा यांतला फरक शिकवायचा तर हा प्रसंग पुरे. ज्यांच्या अंगावर हिरे होते त्यांच्याजवळ पहिली गोष्ट होती. जोतीरावांच्या पायांखाली दुसरी.

मधल्या काळात, १८८३ मध्ये, इल्बर्ट बिलाचं प्रकरण गाजलं. व्हाइसरॉय रिपनच्या सरकारचे कायदेमंत्री इल्बर्ट यांनी एक साधी दुरुस्ती मांडली, की जिल्ह्यांतल्या देशी न्यायाधीशांनाही गोऱ्या आरोपींचे खटले चालवता यावेत. एवढ्यावरून नीळवाल्यांपासून चहावाल्यांपर्यंत सगळा गोरा समाज खवळला. देशी माणूस खुर्चीत बसणार आणि साहेब आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहणार, मग राहिलं काय? शेवटी जानेवारी १८८४ मध्ये तडजोड झाली. गोऱ्या आरोपीने मागणी केली तर निम्मे तरी ज्युरी युरोपीय किंवा अमेरिकन असावेत, असं ठरलं. कायदा वाकला आणि दरारा वाचला. पण सुशिक्षित हिंदी माणसाच्या डोळ्यांवरची पट्टीही तेव्हाच सैल झाली. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८५ मध्ये, मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात राष्ट्रीय सभेचं पहिलं अधिवेशन भरलं.

आता अमृतसरला येऊ. १३ एप्रिल १९१९. जालियनवाला बागेत जनरल डायरने सुमारे दहा मिनिटं गोळीबार केला, १६५० फैरी झाडल्या. सरकारी आकडा ३७९ मृतांचा. काँग्रेसच्या चौकशीत तो हजाराच्या घरात गेला. त्यानंतर त्याच शहरातल्या एका गल्लीत, जिथे एका इंग्रज मिशनरी बाईवर हल्ला झाला होता, लोकांना पोटावर सरपटत जायला लावलं. त्या गल्लीत राहणाऱ्यांना आपल्याच घरी जाण्यासाठी सरपटावं लागलं.

चौकशीसाठी हंटर कमिटी नेमली गेली. मुंबईचे नामवंत वकील चिमणलाल सेटलवाड तिचे सदस्य होते, आणि त्यांनी डायरला अडचणीचे प्रश्न विचारले. चिलखती गाड्या आत नेता आल्या असत्या तर बहुधा मशीनगनही वापरल्या असत्या, हे त्याने सेटलवाडांपुढे कबूल केलं. पण डायरच्या साक्षीतला मला सर्वांत भयंकर वाटणारा भाग वेगळाच आहे. तो म्हणाला, की गोळी न झाडताही गर्दी पांगवता आली असती कदाचित. पण ते लोक परत आले असते, हसले असते आणि मी मूर्ख ठरलो असतो.

लोक हसतील, ही भीती! शेकडो माणसं मेली ती एका माणसाला आपल्यावर कुणी हसू नये असं वाटत होतं म्हणून. गारुड्याला साप डसण्याची भीती नसते. गर्दीतलं एखादं पोर ‘बाहीत लपवलंय’ म्हणून हसलं तर, ही भीती असते.

हेच सत्य पुढे एका इंग्रजानेच सांगितलं. जॉर्ज ऑर्वेल १९२२ ते १९२७ या काळात ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होता. ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानचाच भाग होता. १९३६ मध्ये त्याने ‘शूटिंग ॲन एलिफंट’ हा निबंध लिहिला. माजावर आलेल्या हत्तीने एका मजुराला मारलं आहे. अधिकारी बंदूक घेऊन पोहोचतो तोवर हत्तीचा माज उतरलेला, तो शांतपणे गवत खातो आहे. त्याला मारायची काही गरज उरलेली नाही. पण मागे दोन हजार माणसांचा जमाव उभा आहे, आणि साहेब आता गोळी घालणार म्हणून वाट पाहतो आहे. परत फिरलं तर हसतील. म्हणून तो हत्तीला मारतो. ही हकिगत ऑर्वेलची स्वतःची की ऐकलेली, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण तिचं तात्पर्य नेमकं आहे : राज्य करणारा गोरा माणूस त्या जमावाचा बाहुला झालेला असतो.

आपल्याकडे नजरबंद या शब्दाला दुसराही अर्थ आहे. एखाद्याला पहाऱ्यात ठेवलं की तो नजरबंद, मराठीत नजरकैद. लॅटिनला नाही साधलं ते या शब्दाला साधलं. दुसऱ्याची नजर बांधणारा शेवटी स्वतः त्या नजरेच्या कैदेत जातो. डायर तसा होता, आणि त्या निबंधातला तो तरुण पोलीस अधिकारीही.

या खेळाचा शेवट कसा होतो, हे गुस्ताव्ह ल बाँ या फ्रेंच लेखकाने १८९५ मध्येच सांगून ठेवलं होतं. जमावाच्या मानसशास्त्रावरच्या त्याच्या प्रसिद्ध पुस्तकात प्रेस्टीजवर एक मोठा भाग आहे. त्याचं म्हणणं असं, की प्रेस्टीजवर प्रश्न विचारला गेला की त्याच क्षणी ते प्रेस्टीज राहत नाही. फेब्रुवारी १९३१ मध्ये गांधीजी व्हाइसरॉय आयर्विनला भेटायला दिल्लीच्या राजवाड्याच्या पायऱ्या चढले, तेव्हा चर्चिल ‘अर्धनग्न फकीर’ म्हणून कडाडला तो यासाठीच. वाटाघाटींपेक्षा त्याला त्या पायऱ्यांवरचं दृश्य बोचलं होतं. पंचा नेसलेला माणूस बरोबरीने बोलायला बसतो, हा न विचारताच विचारलेला प्रश्न होता.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडलं. ऐंशी हजारांच्या आसपास सैनिक जपान्यांच्या हाती गेले. त्यांत निम्म्याच्या आसपास हिंदी होते. साहेबाला हरवता येत नाही, ही समज त्या दिवशी आशियाभर संपली. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या नाविक केंद्रावरच्या खलाशांनी निकृष्ट जेवण आणि अधिकाऱ्यांच्या शिवीगाळीविरुद्ध संप पुकारला, तो हा हा म्हणता सुमारे वीस हजार खलाशांपर्यंत पोहोचला. दीड वर्षाने इंग्रज गेले.

इंग्रज गेले, पण शब्द राहिला. साहेबाच्या बंगल्याबरोबर, पट्टेवाल्याबरोबर, लाल दिव्याबरोबर तोही आपल्या ताब्यात आला. कचेरीत आला, राजकारणात आला, मग लग्नमंडपात आणि उंबरठ्याच्या आतही आला. चार एकरांतलं एक एकर विकून पोरीच्या लग्नात पाचशे पानांचं जेवण घालणारा बाप असतो. त्याला विचारा, कशासाठी? तो म्हणेल, लोक काय म्हणतील, लोक हसतील. तेच वाक्य! डायर जे चौकशी कमिटीपुढे बोलला तेच हा गरीब बाप आपल्या ओसरीवर बोलतो. फरक इतकाच, की डायरच्या भीतीने दुसऱ्यांचा जीव गेला आणि हा स्वतःचा गळा कर्जात अडकवून घेतो.

पण नेहमी स्वतःचाच गळा अडकतो असंही नाही. आपल्या वर्तमानपत्रांत एक ठरलेला मथळा असतो : ‘खोट्या प्रतिष्ठेपायी मुलीची हत्या’. मुलीने जातीबाहेर, धर्माबाहेर लग्न केलं, आणि बापाने किंवा भावाने तिला संपवलं. हा प्रकार कुठल्या एका जातीचा नाही, एका धर्माचा नाही. माझ्या समाजातही असे बाप आहेत, हे मी इथे सांगितलंच पाहिजे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘शक्ती वाहिनी’ खटल्यात अशा हत्यांविरुद्ध कडक निर्देश दिले. दोन सज्ञान माणसांच्या लग्नात पंचायतीने पडायचा अधिकार नाही, असं स्पष्ट सांगितलं. महाराष्ट्रात जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१७ मध्ये अमलात आला. कायदे हवेतच. पण कायद्याच्या आधी एक शब्द उभा असतो, आणि तो बापाच्या मनात असतो.

त्या मथळ्यातलं ‘खोट्या’ हे विशेषण मला नेहमी थांबवतं. आपण खोटं पाणी म्हणत नाही, खोटी भाकरी म्हणत नाही. मग प्रतिष्ठेलाच खोटी का म्हणावं लागतं? कारण जी वस्तू आपण प्रतिष्ठा म्हणून उराशी धरून बसलो आहोत ती मुळात प्रतिष्ठा नाहीच. ते प्रेस्टीज आहे. भाषांतर करताना चूक झाली आणि ती चूक आता रक्त मागते आहे. खऱ्या प्रतिष्ठेला, म्हणजे पायांखालच्या जमिनीला, मुलीच्या लग्नाने धक्का कसा लागेल? धक्का लागतो तो दुसऱ्यांच्या डोळ्यांत आपण बांधलेल्या चित्राला. शेजारचा हसेल, भावकी बोलेल, पुढारी विचारणार नाही. त्या चित्रासाठी पोटची पोर मारायची, हा सौदा कुठल्याही भाषेत इभ्रतीचा म्हणता येणार नाही. ही माझ्या दादीची इब्रत आहे : पाहून शहारावं आणि धडा घ्यावा अशी.

म्हणून माझी एक साधी विनंती आहे. पुढच्या वेळी घरात, गावात, मंडळात, मशिदीच्या किंवा देवळाच्या कमिटीत कुणी ‘प्रेस्टीजचा प्रश्न आहे’ असं म्हणालं, तर त्याला शांतपणे विचारावं, की बाबा, प्रेस्टीजचा आहे की प्रतिष्ठेचा? हरलो तर आपल्या पायांखालचं काही जाणार आहे, की नुसतं दुसऱ्याच्या डोळ्यांतलं? पहिलं असेल तर जरूर लढावं. सार्वजनिक काका आणि जोतीराव तसेच उभे राहिले होते. दुसरं असेल तर हसून घरी जावं. आणि लोक हसले तर हसू द्यावं.

आमच्या बाजारातला तो गारुडी खेळ संपला की फडकं झटकायचा, कबुतर टोपलीत ठेवायचा आणि पैसे मागायच्या आधी हात जोडून सांगायचा, ‘मायबाप, ही पोटासाठी केलेली हातचलाखी आहे, यात काही जादू नाही.’ मग झाडाखाली बसून आपल्या पोराबरोबर भाकरी खायचा. त्या माणसाला प्रेस्टीज नव्हतं. प्रतिष्ठा होती.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)